परदेशातल्या आयबी शाळेत विज्ञान शिकवायला जायचंय: निघण्याआधी आणि पहिल्या दीड महिन्यात काय करावं?

विज्ञानवही

नमस्कार. परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत विज्ञानशिक्षिका म्हणून रुजू होतेय. आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) एमवायपी, म्हणजे मिडल इयर्स प्रोग्रॅम, त्यातली पहिली तीन वर्षं, म्हणजे साधारण ११ ते १४ वयाची मुलं. आत्तापर्यंतचं सगळं शिकवणं ठरलेलं पाठ्यपुस्तक, मार्कांचा पेपर आणि टक्केवारी असं झालंय. नव्या शाळेत एका वर्गात विसेक मुलं असतील आणि निम्म्याहून जास्त जणांची घरची भाषा इंग्रजी नाही.

निघायला पाच आठवडे आहेत. कुठली कामं निघण्याआधीच उरकावीत? निकषांवरचं मूल्यमापन प्रत्यक्षात कसं चालतं? पाठ्यपुस्तक नाही, तर वर्षभराची टाचणं आत्ताच काढून ठेवावीत का? आणि वर्गात, प्रयोगशाळेत नव्या शिक्षकाचं नेमकं कुठे अडतं? करार आणि घराबद्दल सांगितलंत तरी चालेल, पण जास्त काळजी शिकवण्याची आहे.

शिक्का_सही

कागदपत्रांचं आधी सांगतो. शिकवण्यात काही चुकलं तर तिथे गेल्यावर सुधारता येतं, पण राहिलेला शिक्का तिथून मिळत नाही. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारचा शिक्का, फक्त तोच देश देतो ज्या देशात ते प्रमाणपत्र निघालंय. ही पद्धत ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आली. जाणार तो देश करारात असेल आणि करार आपल्या देशाबरोबर लागू असेल तर एक अपोस्टिल पुरतं. नसेल तर आधी आपल्या सरकारचं साक्षांकन आणि मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का अशी साखळी करावी लागते आणि तिला आठवडे जातात. यादी करताना जुन्या लेखांवर विसंबू नका. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे त्याआधीचे सल्ले या दोन देशांसाठी जुने झालेत; पण करार आपल्या देशाबरोबर लागू आहे का हे तपासूनच घ्या.

अपोस्टिल सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकुराबद्दल काही म्हणत नाही. म्हणून पासपोर्टवर पूर्ण नाव आणि पदवीवर आद्याक्षरं, किंवा लग्नाआधीचं आडनाव, असा फरक असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं करून त्यावरही शिक्का घ्या. कामं अडतात ती बहुधा याच फरकावर. पदवी, बीएड, दोन्हींच्या गुणपत्रिका, कुटुंब बरोबर येणार असेल तर लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचे दाखले, एवढ्यांना शिक्का हवा. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं असेल तर त्याच्या मागे शिक्का मारता येत नाही, दुसरी प्रत काढावी लागते. विद्यापीठाकडून ती यायला वेळ लागतो, तेव्हा हे आजच बघा. भाषांतर लागणार असेल तर बहुतेक ठिकाणी आधी अपोस्टिल आणि मग भाषांतर हा क्रम सोयीचा, कारण अपोस्टिलचाही अनुवाद मागतात.

आधीच्या शाळेकडून नुसतं अनुभवपत्र घेऊ नका. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, विषय आणि इयत्ता हे चार तपशील हवेतच. पगाराची पायरी यावर ठरते आणि पायरी एकदा ठरली की मागाहून बदलणं अवघड जातं. पोलिसांचा दाखला मात्र फार आधी काढू नका, ठरावीक महिन्यांहून जुना दाखला चालत नाही.

करारात मला सगळ्यात महत्त्वाचं कलम वाटतं ते आठवड्याच्या तासांचं. तास किती, त्यात बदली तास धरलेत का, मधल्या सुट्टीची ड्यूटी आणि शाळेनंतरचे उपक्रम वेगळे का, हे ईमेलवर लेखी विचारून ठेवा. दुसरं कलम, परिवीक्षा काळात किंवा वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर विमानभाडं आणि इतर खर्च परत द्यावा लागतो का. तिसरं, आरोग्यविमा पोचल्या दिवसापासून आहे की निवासपरवाना हातात आल्यापासून.

घराचं थोडक्यात. बँक पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो. शाळेचं नेमणूकपत्र आणि शाळेचाच पत्ता घालून दिलेलं पत्र, या दोन कागदांनी ही कोंडी बऱ्याचदा सुटते, तेव्हा ते पत्र आधीच मागवून घ्या. पत्ता नोंदवायची मुदत कडक असते. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवडे, जपानमध्ये १४ दिवस. पहिला पगार महिनाअखेरीला येतो आणि अनामत त्याआधीच भरावी लागते, म्हणून दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

निकष_चार

मूल्यमापनाबद्दल. टक्केवारीच्या सवयीतून येणारा शिक्षक इथेच अडखळतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमवायपी विज्ञानात चार निकष आहेत. ए म्हणजे ज्ञान आणि आकलन, बी म्हणजे प्रश्न मांडून प्रयोगाची आखणी, सी म्हणजे निरीक्षणांवर प्रक्रिया करून निष्कर्ष तपासणं, डी म्हणजे विज्ञानाचा वापर आणि त्याचे परिणाम. प्रत्येक निकषाला ० ते ८ पातळ्या, आणि वर्षभरात प्रत्येक निकष किमान दोनदा तपासायचा. शेवटी चारही पातळ्यांची बेरीज ३२ पैकी होते आणि तिची १ ते ७ श्रेणी ठरते. २८ आणि वर ७, २४ ते २७ ला ६, १९ ते २३ ला ५, १५ ते १८ ला ४, १० ते १४ ला ३.

आता ८ पैकी ६ म्हणजे ७५ टक्के असं मनात आलं की घोळ सुरू होतो. पातळी हा मार्क नाही, ते वर्णन आहे. १-२, ३-४, ५-६ आणि ७-८ असे चार पट्टे, प्रत्येक पट्ट्याला वाक्यं दिलेली. मुलाचं काम कुठल्या वाक्याशी जुळतं ते पाहायचं. ए ला ६, बी ला ५, सी ला ६, डी ला ५ मिळाले तर बेरीज २२ आणि श्रेणी ५. तीच बेरीज टक्क्यांत ६९ होते आणि टक्क्यांची सवय असलेल्या पालकाला तो सुमार निकाल वाटतो. प्रत्यक्षात ५ ही चांगली श्रेणी आहे.

दुसरी चूक सरासरी काढण्याची. एखाद्या मुलीला बी निकषात वर्षभरात ३, ५, ६, ६ अशा पातळ्या मिळाल्या. सरासरी ५ येते. पण ती शिकत गेली आणि ६ वर स्थिरावली, तर वर्षअखेरीचा योग्य निर्णय ६ आहे. सुरुवातीच्या कच्च्या कामाची शिक्षा वर्षभर चालू ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार. मला ही पद्धत टक्केवारीपेक्षा न्याय्य वाटते, पण त्यासाठी प्रत्येक निर्णयाचा पुरावा, म्हणजे मुलाचं काम, जपून ठेवावं लागतं. गुणांची वही नुसती आकड्यांची असेल तर पालकसभेत उत्तर देता येत नाही.

तिसरी चूक प्रश्नातल्या क्रियापदांची. ए निकषाच्या सर्वोच्च पट्ट्यात पहिल्या वर्षाला 'आउटलाइन' (थोडक्यात मांडणं) अपेक्षित असतं, तिसऱ्याला 'डिस्क्राइब' (सविस्तर वर्णन) आणि पाचव्याला 'एक्सप्लेन' (कारणांसह स्पष्ट करणं). निकषांची वाक्यं १, ३ आणि ५ या वर्षांसाठी छापलेली आहेत. दुसऱ्या वर्षाला कुठला संच लावायचा हे शाळेत ठरलेलं असतं, पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना विचारा. तिसऱ्या वर्षाच्या चाचणीत सगळे प्रश्न 'स्टेट'चे (नुसतं सांगा) असतील तर अचूक उत्तरं लिहिणारा मुलगाही ७-८ पर्यंत पोचूच शकत नाही, कारण तुम्ही त्याला तशी संधीच दिली नाही. उलट पहिल्या वर्षाला 'एक्सप्लेन' विचारलं तर चांगली मुलंही कमी पडल्यासारखी दिसतात.

पहिलं मोठं काम तपासताना एकट्याने पातळ्या देऊ नका. तुमच्या पाच वह्या सहकाऱ्याने आणि त्याच्या पाच तुम्ही, एकमेकांच्या पातळ्या न बघता तपासा. दोनपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी बसून ती वाक्यं पुन्हा वाचायची. शाळा हे करून घेतेच, पण वर्षाच्या मध्यावर. तुम्हाला पहिल्या महिन्यातच हवंय.

टाचण_रोज

वर्षभराची टाचणं आत्ता अजिबात काढू नका. शाळेत प्रत्येक घटकाचा आराखडा तयार असतो. त्यात मुख्य संकल्पना, संबंधित संकल्पना, जागतिक संदर्भ, चौकशीचं विधान आणि शेवटचं मूल्यमापनाचं काम ठरलेलं असतं. तुमची टाचणं त्या शेवटच्या कामाकडे जाणारी नसतील तर ती फेकावी लागतात. त्याऐवजी शाळेला आज ईमेल करा आणि तीनच गोष्टी मागा: तिन्ही वर्षांच्या पहिल्या घटकाचा आराखडा, गेल्या वर्षीचं त्या घटकाचं मूल्यमापनाचं काम, आणि तपासलेल्या तीन वह्यांचे नाव झाकलेले नमुने, एक वरचा, एक मधला, एक खालचा. त्या नमुन्यांवरून मुलांची इंग्रजी, लिहिण्याची लांबी आणि शाळेची अपेक्षा तिन्ही एकदम कळतात.

वर्षाच्या नावांकडेही लक्ष ठेवा. इंग्लंडच्या पद्धतीतलं 'यिअर सेव्हन' म्हणजे अमेरिकी पद्धतीतला सहावा ग्रेड, आणि एमवायपीचं पहिलं वर्ष साधारण तिथेच सुरू होतं. ऑनलाइन सापडलेला तक्ता घ्याल तर तो कुठल्या पद्धतीचा आहे हे आधी पाहा, नाहीतर एक वर्ष वरचा मजकूर वर्गात जातो.

शिक्का_सही

@टाचण_रोज, आराखड्याचं पटतं, पण पहिल्या दोन आठवड्यांची तयारी नेल्याशिवाय जाऊ नये. ते दोन आठवडे बँक, निवासपरवाना, वैद्यकीय तपासणी, सॉफ्टवेअरचे पासवर्ड यात जातात आणि रात्री टाचण काढायला डोकं उरत नाही. प्रत्येक वर्षासाठी चार-पाच तास साधे, कमी साहित्याचे ठेवावेत. मापन, निरीक्षण, आलेख काढणं, सुरक्षेचे नियम. हे कुठल्याही आराखड्यात बसतं.

टाचण_रोज

एवढं मान्य. आलेखाचे तास तर नक्की ठेवा. सी निकषाचा पाया तिथेच पक्का होतो.

दुसरी_भाषा

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांबद्दल. मैदानावर फडाफडा इंग्रजी बोलणारं मूल विज्ञानाच्या उत्तरात गप्प होतं आणि नवीन शिक्षकाला तो आळस वाटतो. तो आळस नसतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तेव्हा दोन वर्षं झालेल्या मुलालाही आधार हवाच.

आधार म्हणजे सोपा विषय नव्हे. विषय तोच, वाक्याचा सांगाडा हाताशी. 'जसजसं ___ वाढतं तसतसं ___, कारण ___' अशी इंग्रजी चौकट फळ्यावर कायम ठेवा. एका तासाला सहा ते आठच नवे शब्द घ्या, चित्रासकट भिंतीवर लावा. आधी दोघांत आपल्या भाषेत बोला, मग इंग्रजीत लिहा, ही सूट शाळेचं धोरण परवानगी देत असेल तर जरूर द्या.

सूचना तीनपेक्षा जास्त टप्प्यांची असेल तर तोंडी देऊ नका, लिहा. 'समजलं का?' या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. त्याऐवजी 'पहिल्यांदा काय करणार? नंतर काय घेणार?' असं एका मुलाला विचारा. प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला त्याहूनही जास्त वेळ द्या. आणि तुमच्या उच्चारांची चिंता फार करू नका. वेग कमी ठेवलात, महत्त्वाचा शब्द बोलता बोलता फळ्यावर लिहिलात, की आठवडाभरात मुलांचा कान बसतो.

विज्ञानात एक खास अडचण आकड्यांची असते. जर्मनी, फ्रान्ससारख्या देशांतून आलेली मुलं दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्यांच्या वहीतलं १,५०० म्हणजे दीड की दीड हजार? पहिल्याच तासाला वर्गाचा नियम ठरवा: दशांशाला टिंब, हजारांना मोकळी जागा, आणि एककाशिवाय आकडा लिहायचा नाही. लाख-कोटी बोलण्यात येऊ देऊ नका, मिलियन म्हणा. तारीख ०३/०४ अशी न लिहिता महिन्याचं नाव लिहा. पालकांशी बोलतानाही लक्षात ठेवा की जर्मन शाळांत १ ही सर्वांत वरची श्रेणी आणि ६ सर्वांत खालची, तर एमवायपीत ७ वरची. नव्याने आलेल्या कुटुंबाला '२' चा अर्थ समजावून सांगावा लागतो.

काचपात्र

प्रयोगशाळा. पहिला प्रयोग लावण्याआधी रिकाम्या प्रयोगशाळेत एकदा जाऊन गॅसची मुख्य चावी, वीज तोडायचं बटण, डोळे धुवायची जागा, आगीचं ब्लँकेट आणि बाहेर पडायचे दोन्ही रस्ते स्वतः हाताळून बघा. साहित्याची मागणी बहुतेक शाळांत काही दिवस आधी ठरलेल्या फॉर्मवर द्यावी लागते. 'सौम्य आम्ल' असं लिहू नका. कुठलं आम्ल, किती मोलर, किती मिलिलिटर, किती गट, असं लिहा. वीस मुलं, दोघांचा गट, म्हणजे दहा संच आणि दोन जादा. तंत्रज्ञ असेल तर त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे तुमचा प्रयोग ठरतो, तुमच्या टाचणाप्रमाणे नाही.

प्रत्येक प्रयोगाचं जोखीम-टिपण लेखी लागतं. त्यात धोका काय, कोणाला, टाळायचं कसं आणि झालंच तर काय करायचं, एवढं एका पानावर येतं. नमुना म्हणून पानातल्या स्टार्चची चाचणी घ्या. त्यात पानाचा हिरवा रंग काढायला वापरतात ते अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. म्हणून परीक्षानळी बर्नरवर धरायची नाही. किटलीतलं गरम पाणी बीकरमध्ये ओतायचं, सगळे बर्नर बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच अल्कोहोलची बाटली टेबलावर आणायची. टिपणात हा क्रमच लिहायचा.

संरक्षक चष्मा सगळ्यांना, शिक्षकालाही. अन्नपदार्थ वापरणारा प्रयोग असेल तर शाळेच्या परिचारिकेकडून ॲलर्जीची यादी घ्या, त्यात शेंगदाणे, अंडी आणि दूध मुख्य. गालाच्या पेशी, रक्त, विच्छेदन यांबाबत शाळेचं धोरण विचारल्याशिवाय काहीही लावू नका. विच्छेदनाला नकार देणाऱ्या मुलासाठी तेवढ्याच तोलाचा पर्यायी पाठ तयार हवा. घरून उपकरण नेणार असाल तर व्होल्टेज बघा: जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०.

खिडकीजवळ

सगळ्यांनी शिकवण्याचं सांगितलं, मी बालसंरक्षणाचं सांगते. यात चूक झाली तर परिवीक्षा काळातच नोकरी जाऊ शकते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाचं नुकसान होतं. मूल काही सांगू लागलं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. मध्ये प्रश्न घालायचे नाहीत, सुचवायचं तर मुळीच नाही. ऐकायचं, मुलाच्याच शब्दांत लिहायचं, वेळ आणि सही टाकायची आणि त्याच दिवशी बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचं. सहकाऱ्यांत चर्चा नाही.

कान धरणं तर सोडाच, पाठीवर शाबासकीची थापसुद्धा धोरण वाचल्याशिवाय नको. एकट्या मुलाशी बोलताना दार उघडं ठेवा. खासगी फोनवर मुलांचे फोटो काढू नका. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे तो कायद्याचाही प्रश्न होतो. गुण मोठ्याने वाचून दाखवणं, पहिला-दुसरा नंबर सांगणं हेही बंद.

पालकांच्या ईमेलला उत्तर किती वेळात द्यायचं हे शाळेच्या पुस्तिकेत असतं, तेवढ्यात पोच तरी द्याच. ईमेल रागाचं असेल तर वाद लेखी घालू नका. 'मिळालं, माहिती पाहते, अमुक दिवशी फोन करते' एवढंच, आणि विभागप्रमुखांना प्रत. घरी पाठवायचं पहिलं ईमेल तक्रारीचं नसावं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक घरी दोन ओळी, मुलाने वर्गात काय चांगलं केलं ते नेमकं. पुढे अडचणीचं बोलायची वेळ आली की त्या दोन ओळींमुळे पालक ऐकून घेतात.

विज्ञानवही

खूपच उपयोगी. नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र लागणार आहे, उद्याच करते. @निकष_चार, ए निकषाची चाचणी कागदावर कशी दिसते? पहिल्या वर्षाचा 'पदार्थाच्या अवस्था' हा घटक धरून सांगाल का?

निकष_चार

ए मध्ये तीन धागे आहेत: ज्ञान सांगणं, ते प्रश्न सोडवायला वापरणं, आणि माहितीचा अर्थ लावून मत बनवणं. प्रत्येक धाग्याला चारही पट्ट्यांचे प्रश्न हवेत. पहिल्या वर्षाला ज्ञानाच्या धाग्यात पट्टे खालून वर असे जातात: 'सिलेक्ट', 'रिकॉल', 'स्टेट', 'आउटलाइन'.

म्हणून पहिला प्रश्न, दिलेल्या तीन चित्रांतून द्रवातल्या कणांचं चित्र निवडा. दुसरा, द्रवाचा वायू होण्याच्या क्रियेचं नाव लिहा. तिसरा, बर्फ वितळताना कणांच्या मांडणीत होणारा एक बदल सांगा. चौथा, डबकं १०० अंशांच्या खालीही का सुकतं ते थोडक्यात मांडा. चौथ्यासमोर चार-पाच ओळी मोकळ्या ठेवा. एकच ओळ दिलीत तर मुलं एकाच शब्दात उत्तर लिहितात आणि पातळी घसरते.

वापराच्या धाग्यात वरच्या पट्ट्याला अनोळखी परिस्थिती लागते. वर्गात ओले कपडे वाळण्याचं उदाहरण झालं असेल तर चाचणीत तेच देऊ नका. तीन पसरट भांडी, वेगवेगळ्या रुंदीची, सारखंच पाणी, आणि कुठलं आधी आटेल ते कारणासह सुचवा असं विचारा. तिसऱ्या धाग्यासाठी बर्फ तापवतानाचा तापमान-वेळ आलेख द्या. सपाट भागात काय चाललंय आणि 'या भागात उष्णता दिली जात नाही' हे एका विद्यार्थ्याचं म्हणणं बरोबर आहे का, आलेखाच्या आधाराने सांगा.

ही चाचणी एका तासात, म्हणजे ४५ मिनिटांत बसेल एवढीच ठेवा, एकूण १० ते १२ प्रश्न. दुसऱ्या भाषेच्या मुलांना शब्दांची यादी आणि थोडा जादा वेळ द्यायचा का, हे आधी भाषा-साहाय्य शिक्षकांबरोबर ठरवा आणि प्रश्नपत्रिकेवरच लिहून ठेवा. तपासून झाल्यावर नुसती पातळी देऊ नका. पट्ट्यातलं जुळलेलं वाक्य अधोरेखित करून त्याच्या वरच्या पट्ट्यातलं वाक्य दाखवा, कारण पुढच्या खेपेला काय करायचं ते मुलाला तिथूनच कळतं.